जिप्सोला आंबा लागला

भाचीने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "मावशी, मला असं हवं आहे." चित्रात एका लांब मेजावर काचेची बुटकी भांडी ओळीने मांडलेली होती. त्यांतून फिक्या, जवळजवळ दुधाळ गुलाबी रंगाचे गुलाब डोकावत होते आणि त्यांच्या भोवती बारीक पांढऱ्या फुलांचा धुरळा उठल्यासारखा दिसत होता. चित्र सुंदर होते, यात शंका नाही. पण मेजाभोवती बसलेल्या बायकांच्या खांद्यांवर लोकरी शाली होत्या, ही गोष्ट तिच्या नजरेतून सुटली होती. तिचे लग्न होते मे महिन्यात, नागपुरात, शहराबाहेरच्या एका उघड्या लॉनवर, गोरज मुहूर्ताला.

तिच्या आत्याबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून ते चित्र निरखले. "गुलाब ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण हे भोवताल काय आहे? गवताले तुरे आल्यावानी दिसते." मग आवाज खाली आणून, केवळ मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आणि पांढरं पांढरंच आहे बाई सगळं."

त्यांच्या म्हणण्यावर मी बराच विचार केला. आपल्या लग्नात पांढऱ्याला मज्जाव आहे असे नाही. मुंडावळ्यांचे मोती पांढरे असतात, वेणीतला मोगरा पांढरा असतो आणि वधूवरांमध्ये धरला जातो तो अंतरपाटही पांढराच असतो. मात्र त्या प्रत्येक पांढऱ्याला हळदीची किंवा कुंकवाची सोबत दिलेली असते. अंतरपाटावरसुद्धा आपण कुंकवाचे स्वस्तिक काढतो. आत्याबाईंना खटकले ते पांढरेपण नव्हते, त्याचे एकटेपण होते. त्या चित्रात झेंडूचा एक ठिपकाही नव्हता.

मी जवळपास तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले, त्यामुळे फुलांचे सगळे काम घरच्यांनी आपोआपच माझ्या गळ्यात घातले. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला फुले सांभाळता येतात, असा लोकांचा एक समज आहे. तो किती चुकीचा आहे ते पुढे येईलच.

त्या पांढऱ्या धुरळ्याचे नाव जिप्सोफिला. बाजारात त्याला कोणी जिप्सो म्हणतो, कोणी जिप्सी. जिप्सी ऐकले की माझी शिक्षकी जीभ वळवळते, कारण त्या नावाचा भटक्यांशी काहीही संबंध नाही. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५३ साली हे नाव ग्रंथात नोंदवले आणि त्याचा अर्थ जिप्समची, म्हणजे चुनखडीसारख्या जमिनीची आवड असलेली वनस्पती, असा आहे. कार्नेशनच्या कुळातले हे झुडूप मूळचे पूर्व युरोप आणि मध्य आशियाकडच्या कोरड्या गवताळ मैदानांतले. त्याचे मूळ जमिनीत कित्येक फूट खोल जाते. उत्तर अमेरिकेत ते बागांतून निसटले आणि मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांवर असे माजले, की तिथले लोक ते उपटून उपटून थकले आहेत. तुर्कस्तानात याच जातकुळीतल्या झुडपांच्या मुळांचा फेस काढून तो हलव्यात घालतात; आपला रिठा फेसाळतो तोच गुण. म्हणजे वाळवंटाच्या वेशीवर सुखाने नांदणारी, दुष्काळाला न भिणारी ही चिवट वनस्पती आहे. मुळासकट आली असती तर नागपूरच्या उन्हालाही तिने दाद दिली नसती. आपल्याकडे येते ती मुळापासून तोडलेली काडी, आणि सगळा चिवटपणा जमिनीत मागे राहिलेला असतो.

इंग्रजीत याच फुलाला 'बाळाचा श्वास' म्हणतात. ताजी गड्डी नाकाशी नेऊन पाहावी. विरजण बिघडल्यासारखा आंबूस वास येतो. ज्या कोणी हे नाव ठेवले त्याने दूध पिऊन नुकतीच ढेकर दिलेले बाळ उचलले असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

गुलाबाची गोष्ट वेगळी. तो आपल्या लग्नांना नवा नाही, पण आपल्याकडे तो आला तो पाण्याच्या रूपाने. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. म्हणजे गुलाब या शब्दाचा मूळ अर्थच गुलाबपाणी असा आहे आणि आपण गुलाबपाणी म्हणतो तेव्हा पाणी दोनदा म्हणतो. माझ्या लहानपणी नागपूरच्या महाल किंवा इतवारी भागातल्या लग्नांत दाराशी परकर-पोलक्यातल्या दोन मुली उभ्या असत, एकीच्या हाती चांदीची गुलाबदाणी आणि दुसरीच्या हाती अत्तरदाणी. येणाऱ्याच्या अंगावर थंड शिंतोडे उडत, मनगटावर अत्तराचा फाया फिरे आणि मग तो माणूस मांडवात शिरे. मी ते काम एका लग्नात केले आहे आणि एका भारदस्त वकिलांच्या चष्म्यावर नेम धरून शिंतोडे उडवल्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत. त्या लग्नांत फुले पाहायची नसतच. ती माळायची, गळ्यात घालायची, हातात द्यायची, पायांखाली पसरायची असत. मोगऱ्याचा गजरा दुसऱ्या दिवशी तपकिरी होऊन उशीवर सापडे, आणि लग्न संपले म्हणजे काय ते त्या वासावरून कळे.

मेजावरचे फूल पाहण्यासाठी असते. १८६७ साली फ्रान्समध्ये 'ला फ्रान्स' नावाचा रुपेरी छटेचा फिका गुलाबी गुलाब निघाला आणि आजच्या लांब दांडीच्या, टोकदार कळीच्या गुलाबांचे घराणे त्याच्यापासून मोजायची पद्धत पडली. तो सुवासिक होता. पुढे पैदास करणाऱ्यांनी प्रवासात टिकणारा, फुलदाणीत दहा दहा दिवस उभा राहणारा गुलाब मागितला आणि या व्यवहारात वास बहुतेक हरवला. भाचीला हवा होता तो 'स्वीट अ‍ॅव्हलान्च' नावाचा, हॉलंडमध्ये तयार झालेला फिका गुलाबी गुलाब. रूप त्याचे देखणे आहे; नाक लावले तर ओल्या कागदाइतकाही वास येत नाही. २०१७ च्या डिसेंबरात अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांचे इटलीत लग्न झाले, तिच्या फिक्या गुलाबी लेहंग्याचे फोटो घरोघरी पोचले, आणि तेव्हापासून लालभडक शालूच्या पोरीही 'पेस्टल' हा शब्द सहज उच्चारू लागल्या. भाचीला मी दोष देत नाही. आमच्या वेळी आम्ही सिनेमातल्या केसांच्या फुग्यासाठी आरशापुढे दोन दोन तास घालवलेच होते.

बर्डीच्या फूल बाजाराजवळ ज्यांचे दुकान आहे ते डेकोरेशनवाले भाऊ चित्र पाहून हसले. "मॅडम, जानेवारीत म्हटलं असतं तर चुटकीसरशी करून दिलं असतं. मे महिन्यात हे फूल म्हणजे पुण्याचं पाव्हणं. त्याले आपलं ऊन सहन होत नाही, त्याची सरबराई करा लागते." हा विनोद अर्धा खरा होता, कारण नागपुरात विकले जाणारे असे गुलाब पुण्याजवळच्या मावळातल्या हरितगृहांतून किंवा थेट बंगळूर-होसूरकडून येतात. जानेवारीचे नाव निघाल्यावर मला एक भलतीच गोष्ट आठवली. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १० फेब्रुवारी १८४० रोजी लग्न केले तेव्हा तिच्या डोक्यावर संत्र्याच्या फुलांचे वेढे होते, आणि पांढऱ्या फुलांच्या लग्नाची पाश्चात्त्यांची सगळी हौस त्यानंतर फोफावली. आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री त्याच दिवसांत फुलतात. काटोल-नरखेडच्या रस्त्याने जाताना त्या वासाने गाडीची काच खाली घ्यावीशी वाटते. तरी संत्र्याच्या फुलांनी सजवलेले लग्न नागपुरात मी एकही पाहिलेले नाही. ज्या फुलाचे पुढे फळ व्हायचे ते कोणता शेतकरी तोडू देईल?

भाऊंनी मला त्यांच्या गोदामात नेले आणि गुलाबाची सरबराई म्हणजे काय ते दाखवले. गुलाब येतात ते वीस वीस काड्यांच्या गड्ड्यांत, पन्हळी पुठ्ठ्यात आवळून, तहानलेले. आल्या आल्या दांडीचे टोक तिरके छाटायचे, खालची पाने काढायची आणि गड्डी पुठ्ठ्यासकट गळ्यापर्यंत पाण्याच्या बादलीत उभी करून अंधारात सोडायची. छाटायचे कारण असे, की तोडल्यावर दांडीतल्या बारीक नळ्यांत हवा शिरते, पाण्याची अखंड धार तुटते आणि बादलीत उभे असूनही फूल तहानेने मान टाकते. भाऊ त्याला "मान मोडली" म्हणतात. मान मोडलेला गुलाब त्यांनी पुन्हा छाटून कोमट पाण्यात आडवा बुडवून ठेवला आणि तासाभराने तो ताठ झालेला मला दाखवला. फिक्या गुलाबाचे आणखी एक दुखणे आहे. लाल गुलाबावर बोटाचा दाब पडला तर दिसत नाही. फिक्यावर तोच दाब दुसऱ्या दिवशी चहाच्या डागासारखा उमटतो. म्हणून भाऊंची पोरे बाहेरच्या हिरवट, जाड पाकळ्या शेवटपर्यंत अंगावर ठेवतात आणि फूल मेजावर मांडायच्या वेळीच त्या अलगद खुडतात. ज्या फुलाला कोणी हात लावायचा नाही असे सगळे म्हणतात, त्याला मांडण्याआधी इतके हात लागलेले असतात.

भांड्यात फुले रोवायला ते हिरवा स्पंज वापरतात, ज्याला सगळे ओएसिस म्हणतात. १९५४ मध्ये अमेरिकेत निघालेले हे प्लास्टिक आहे. पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यायचे, दाबले तर आत कोरडा गोळा राहतो. ते कुजत नाही, त्याचा नुसता भुगा होतो. मी हट्टाने काचेच्या भांड्यांत बारीक तारेच्या जाळीचे गोळे बसवून घेतले. भाऊंनी ते केले, पण माझ्याकडे अशा नजरेने पाहून की मॅडमच्या डोक्याला ऊन लागले आहे.

आणि मग मी शहाणपणा केला. जिप्सोची किंमत मला जास्त वाटली, म्हणून ती मी स्वतः बाजारातून आणीन आणि लग्नापर्यंत माझ्या घरी ठेवीन, असे मी भाऊंना सांगून टाकले. लग्नाच्या आदल्या पहाटे बर्डीला जाऊन मी गड्ड्या निवडून आणल्या. काडीकाडीवर शेकडो फुले, काही उमललेली, काही मोहरीएवढ्या कळ्या. घरात थंड राहील अशी खोली एकच होती, मागची, वातानुकूलित. कूलरची ओल नको म्हणून मी तीच निवडली. खिडक्या घट्ट लावल्या, यंत्र चोवीस अंशांवर ठेवले आणि बादल्या भिंतीकडेने मांडून दार लोटून घेतले.

त्याच खोलीत पलंगाखाली पेंढ्यात बैगनपल्लीची अढी लावलेली होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घरच्या पंक्तीला रस, कुरडया आणि सरगुंडे असा बेत होता, आणि आंबे नेमके त्या दिवशी पिकावेत म्हणून माझ्या यजमानांनी हिशेब करून अढी घातली होती. त्यांचा हिशेब अचूक निघाला. लग्नाच्या दिवशी सकाळी मी दार उघडले तेव्हा खोलीभर पिकल्या आंब्याचा घमघमाट होता आणि जिप्सोची उमललेली फुले मिटून, आक्रसून, मळक्या साबुदाण्यासारखी काड्यांना चिकटली होती. पाणी भरपूर होते, काड्या हिरव्यागार होत्या, एकही मान मोडलेली नव्हती. मला काही समजेना.

भाऊ गाडी घेऊन आले, दाराशीच थांबले, एकदा खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "काही झालं नाही मॅडम. जिप्सोले आंबा लागला."

त्या क्षणी मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. पिकणारे फळ एथिलीन नावाचा वायू सोडते आणि त्या वायूने फुले अकाली म्हातारी होतात, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले होते. १९०१ मध्ये रशियातल्या नेल्युबोव्हने प्रयोगशाळेतल्या दिव्यांच्या वायूत वाटाण्याची रोपे वाकडी का वाढतात ते शोधता शोधता हा वायू पकडला आणि १९३४ मध्ये गेन या इंग्रज संशोधकाने फळे स्वतःच तो तयार करतात हे दाखवले, ही गोष्ट मी दरवर्षी रंगवून सांगत असे. कार्नेशन या वायूने कसे मिटते, हा माझा परीक्षेतला आवडता प्रश्न होता, आणि जिप्सो कार्नेशनच्याच कुळातला. अढी म्हणजे तरी काय? आंब्याने सोडलेला तोच वायू पेंढ्यात कोंडून ठेवायची आपल्या आजोबा-पणजोबांची युक्ती. मी तर सबंध खोलीचीच अढी केली होती आणि आत फुले ठेवली होती. लांब पाठवायची फुले कधी कधी चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून या वायूपासून वाचवलेली असतात, पण माझ्या गड्ड्या तशा होत्या का, हे मी दुकानदाराला विचारलेच नव्हते. भाऊंना एथिलीन हा शब्द ठाऊक नव्हता. "आमच्या गोदामात पोरगं डब्यात केळं घेऊन आलं तरी बाहेर बसून खा म्हणतो," इतकेच ते म्हणाले.

त्यांच्याकडे दुसऱ्या कामासाठी आणलेल्या थोड्या गड्ड्या होत्या, त्यांतून त्यांनी निम्म्या दिल्या. माझ्या गड्ड्यांतल्या कळ्या तेवढ्या बचावल्या होत्या; ज्या काड्यांवर कळ्या जास्त त्या आम्ही दोघांनी जमिनीवर बसून दुपारभर वेगळ्या केल्या. तेवढ्याने मेजांवरचा धुरळा काही दाट झाला नाही. विरळपणामुळे गुलाब अधिकच खुलून दिसले असे लिहिण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. भाचीने चित्रात पाहिले होते ते हे नव्हते, आणि ते तिला पहिल्याच मेजाशी कळले. ती क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ठीक आहे मावशी." त्या 'ठीक आहे'चे वजन मला अजून जाणवते.

मात्र त्यानंतर सूर्य कलला, आणि मला ज्याची कल्पना नव्हती ती गोष्ट घडली. लग्नघटिका गोरज होती. पश्चिमेकडची धूळ तांबूस झाली, मग राखाडी झाली, आणि लॉनवरचे एकेक लाल विझू लागले. गालिचा काळपट झाला, बायकांचे शालू विटकरी आणि मग मातकट झाले, मांडवाच्या खांबांवरचे झेंडू तेवढे थोडा वेळ तग धरून होते. फिके गुलाब मात्र पुढे आले. उजेड जसजसा उतरत गेला तसतसे ते आणि त्यांच्या भोवतीचे ते विरळ पांढरे कण मेजांवरून उचलल्यासारखे दिसू लागले. मंद उजेडात डोळ्याला लाल आधी अंधारते, हे पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये टिपून ठेवले आहे. रातराणी, पारिजातक, मोगरा ही रात्री उमलणारी फुले पांढरी असतात तीही निशाचर पतंगांना दिसावीत म्हणूनच. हे सारे मला माहीत होते, पण अंतरपाट धरलेला असताना, मंगलाष्टकांच्या मधोमध, मी पहिल्यांदा ते पाहिले. कुंकू लावलेले स्वस्तिक काळे दिसत होते आणि अंतरपाट चांदण्यासारखा. फक्त डोळ्यांसाठी ठेवलेल्या फुलांवर माझा राग होता. त्या दहा मिनिटांपुरता तो मावळला.

दहाच मिनिटे, कारण मग फोटोवाल्याने पिवळे हॅलोजन लावले आणि सगळे गुलाब बदामी झाले.

जेवणाच्या वेळी मी आत्याबाईंना एका मेजापाशी उभे पाहिले. त्यांनी आजूबाजूला कोणी नाही असे बघून एका गुलाबाची पाकळी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून हळूच चुरली. "खरं आहे वाटते," त्या मला म्हणाल्या. "मला वाटलं मेणाचं आहे." बोटे नाकाशी नेऊन त्यांनी वास घेतला आणि काही न बोलता पदराला पुसली. उद्या त्या पाकळीवर तपकिरी डाग पडणार हे मला दिसत होते, पण उद्या ते फूल तिथे नसणार होते. रात्री एकच्या सुमारास भाऊंच्या पोरांनी भांडी रिकामी करून फुले पोत्यांत कोंबली. मी एक भांडे तेवढे मागून घेतले.

दुसऱ्या दिवशीचा आमरस उत्तम झाला. तो वाढताना मला एकटीलाच हसू येत होते असे नाही. भाचीने पहिली वाटी माझ्यापुढे ठेवली आणि "मावशी, जिप्सोची आहे," असे म्हणून ती आत पळाली.

घरी आणलेल्या भांड्यातले गुलाब तिसऱ्या दिवशी गळाले. त्यांचा गुलकंद करायचा विचारही मनात आला नाही. वास नाही आणि अंगावर किती फवारे मारलेले असतील याचा नेम नाही. जिप्सो मात्र पाणी आटल्यावरही तसाच उभा राहिला. त्याच्या फुलांत मुळी पाणीच इतके थोडे असते, की आमच्या मे महिन्याच्या हवेने ती कोमेजण्याऐवजी जशीच्या तशी वाळवून टाकली. ज्या उन्हाच्या धास्तीने आम्ही सगळे त्याला थंड खोलीत कोंडायला निघालो होतो, ते ऊन त्याला मानवले. मी ती जुडी उलटी टांगून ठेवली आणि विसरून गेले.

भाद्रपदात आत्याबाईंचा फोन आला. महालक्ष्म्यांच्या आराशीसाठी त्यांना ते "गवताचे तुरे" हवे होते. उरले असतील तर. मी घेऊन गेले. ज्येष्ठा आणि कनिष्ठेच्या मुखवट्यांमागे त्यांनी ते स्वतःच्या हाताने खोचले, समोर झेंडू आणि शेवंती होतीच, आणि मागे तो पांढरा धुरळा उभा राहिला. शेजारी सोळा भाज्यांच्या ताटालगत पिकल्या केळ्यांची फणी ठेवलेली होती. वाळलेल्या जिप्सोला आता केळ्याने काहीही होणार नव्हते. तरी त्या आत नैवेद्य आणायला गेल्या तेव्हा मी ती फणी हातभर दूर सरकवली.